पुष्यातली सिरीमिरी

"पडतोय का रे?"

फ्रान्समध्ये, तुलूझला आल्यापासून आईचं रोज सकाळचं पहिलं वाक्य हेच. आमच्याकडे सात वाजलेले असायचे, कोकणात मालगुंडला साडेदहा. दादा फोनवर सांगायचा, रात्रीपासून थांबलेला नाही, वरच्या मळ्यातली लावणी झाली, खालच्या मळ्यात बायका उतरल्यात. आई ऐकत राहायची. फोन ठेवला की खिडकीशी जायची आणि उन्हासाठी बंद करून घेतलेल्या झडपांच्या फटीतून बाहेर बघायची. बाहेर जुलैचं कोरडं, पांढरं ऊन. दुपारी पारा ३८ वर गेलेला. जून गेला, मृग गेलं, आर्द्रा गेली, पुनर्वसू संपत आलं आणि अंगावर एक थेंब नाही, असं तिच्या ७२ वर्षांत कधी झालं नव्हतं. मला तेव्हा हे उमगलं नव्हतं. मला वाटत होतं, तिला इथे माणसांवाचून करमत नाही. म्हणून तिला समुद्र दाखवावा असं ठरवलं, आणि स्पेनमधल्या सान सेबास्तियानचं चार दिवसांचं घर घेतलं.

तुलूझहून गाडीने साडेतीन तास. निघण्याच्या आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहिला तर चारही दिवसांवर ढग आणि थेंब. मी मनातून फार खट्टू झाले. वर्षभर पैसे बाजूला टाकलेले, लेकीने वाळूत खेळायच्या वस्तूंची पिशवी आठवडाभर आधी भरून ठेवलेली. नवरा म्हणाला, रद्द करूया का? पण पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून निघालो.

बायोन मागे पडलं तसा रंग बदलत गेला. पिवळी शेतं संपली आणि डोंगर हिरवे होऊ लागले. उतरत्या लाल कौलांची मोठाली घरं, दारात निळ्या-जांभळ्या हायड्रेंजियाचे गेंद, उतारावर दाट झाडी. बिदासोआ नदी ओलांडून स्पेनमध्ये शिरलो आणि काचेवर पहिले थेंब आले. मागच्या सीटवरून आईने काच खाली केली. मी म्हटलं, "आई, आत पाणी येतंय गं." ती म्हणाली, "येऊ दे." आणि तिने हात बाहेर काढला.

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊन येतं. ते दक्षिणेचं आणि पूर्वेचं स्पेन. सान सेबास्तियानचा हा बास्क लोकांचा किनारा उत्तरेकडे तोंड करून बिस्केच्या उपसागराशी उभा आहे. तिकडून वायव्येचे ओले वारे येतात, किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात, वर चढतात आणि तिथेच रिते होतात. डोंगर ओलांडून दक्षिणेला गेलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. रिओहाचे द्राक्षमळे त्या कोरड्या बाजूला आहेत. आईला हे समजावताना मला नकाशा लागला नाही. "म्हणजे हे कोकण आणि पलीकडे देश," ती म्हणाली. अगदी तेच. फरक इतकाच की आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि चार महिन्यांत सगळं उरकून जातो. सान सेबास्तियानला वर्षाला साधारण १५०० मिलिमीटर पडतो, रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी, पण तो बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून घेतलेला. म्हणून तिथली माणसं पावसाची वाट बघत नाहीत आणि तो आला म्हणून थांबतही नाहीत.

किल्ल्या द्यायला आलेल्या बाईंनी हाताने वर दाखवून म्हटलं, "सिरीमिरी." मी आईला सांगितलं, हा बारीक पाऊस आहे ना, त्याला इथे सिरीमिरी म्हणतात. आईने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. "आपलं शिरवं गो हे," ती त्या बाईंना मराठीत म्हणाली. बाई हसल्या आणि "शिरवं" म्हणून गेल्या. दोघींचं पहिलं बोलणं असं पावसाच्या नावांवरून झालं. आईने मग बोटांवर काहीतरी मोजलं. "आज वीस तारीख ना? पुष्य लागलं. म्हातारा पाऊस." पुनर्वसूतला तरणा आणि पुष्यातला म्हातारा, हे मी लहानपणी ऐकलेलं पार विसरले होते.

पहिल्या दिवशी आम्ही, खरं सांगायचं तर मी, पाऊस थांबायची वाट बघत घरात बसलो. तो दिवस वायाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा सर्फिंगचा वर्ग होता, झुरिओला किनाऱ्यावर. वर्ग होणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. शिकवणाऱ्या मुलीला फोन केला तर तिला माझा प्रश्नच कळेना. भिजायलाच तर यायचंय, ती म्हणाली. गेलो. धूसर पावसात काळे रबरी सूट घातलेली दहा-बारा मुलं फळ्या घेऊन ओळीने समुद्रात शिरत होती. समुद्राकाठी राफाएल मोनेओ यांनी बांधलेल्या कुर्साल सभागृहाच्या काचेच्या दोन मोठ्या पेट्या आहेत, १९९९ सालच्या. उन्हात त्या कशा दिसतात कोण जाणे. पावसात आभाळ आणि त्या यांच्यातली रेघ पुसली गेली होती. लेक तासाभराने निळ्या ओठांनी आणि चमकत्या डोळ्यांनी बाहेर आली. आजीने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि डोकं खसखसून पुसलं, शाळेतून भिजून आल्यावर मला पुसायची तसं. तिथून माझी वाट बघणं संपलं.

तिथून ब्रेचा मार्केटमध्ये गेलो. ब्रेचा म्हणजे खिंडार. जुन्या शहराचा तट वेढा घालणाऱ्यांनी जिथे फोडला त्या जागेला ते नाव पडलं. १८१३च्या ३१ ऑगस्टला ब्रिटिश आणि पोर्तुगीज सैन्य इथून आत घुसलं, शहर लुटलं आणि जवळजवळ सगळं जाळून टाकलं. त्यातून वाचलेल्या गल्लीचं नाव आजही '३१ ऑगस्ट' आहे. आईला मात्र त्या घटकेला इतिहासाचं काही नव्हतं. तिला मासळी दिसली होती.

बर्फावर निळसर काळ्या पाठीचे बोनितो ओळीने मांडलेले, टवटवीत. आई त्यांच्यापुढे उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पावसात ताजी मासळी?" महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्हींसाठी. तेव्हा आमच्याकडे सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा यांवर दिवस निघतात. जुलै आणि ताजी मासळी हे तिच्या हिशोबात बसतच नव्हतं. इथे नेमकं उलट. बोनितोचा हंगामच उन्हाळ्यात, तो थवे करून उपसागरात येतो आणि होड्या त्याच्या मागे जातात. सिरीमिरीने त्यांचं काही अडत नाही.

आईने बोटाने कल्ल्यांकडे खूण केली. कोळणीने, मी तिला कोळीणच म्हणणार, एका शब्दाशिवाय कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवला. आईने मान हलवली. मग कोळणीने मेर्लूसाच्या हनुवटीखालचे मांसल तुकडे दाखवले, कोकोचा म्हणतात त्यांना, इथल्या लोकांचा जीव की प्राण. आईने ते नीट पाहिले, पण बोट पुन्हा बोनितोकडेच. किती जाडीचे तुकडे हवेत ते दोघींनी अंगठा आणि तर्जनीच्या अंतराने ठरवलं. मी दुभाषी म्हणून उभी होते आणि मला कुणी काही विचारलं नाही.

शेजारच्या गाळ्यावर भाजी. भाजीवालीने "पातातास?" विचारलं आणि आई थबकली. "बटाटाच म्हणते ही!" बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला आणि येताना नावही घेऊन आला. मिरचीही त्यांनीच आणली. अमेरिकेतून निघालेली ही दोन पिकं एकाच द्वीपकल्पातून पुढे दोन वाटांनी गेली, इथल्या डोंगरांतही रुजली आणि आमच्या परसातही. पण इथे मिरची तिखटपणा विसरून गेली आहे. आईने गेर्निकाची हिरवीगार मिरची जपून दाताखाली धरली आणि मग सावकाश सगळी खाल्ली. "भाजीच आहे ही," ती म्हणाली.

त्या भाजीवालीनेच मार्मिताकोची कृती सांगितली. मार्मिता म्हणजे भांडं, मार्मिताको म्हणजे भांड्यातलं. बोनितोच्या मागे गेलेले खलाशी होडीवर रांधत, ते हे कालवण. कांदा आणि मिरची परतायची, बटाटा घालायचा, तो शिजला की शेवटी मासा, आणि झाकण ठेवून विस्तव बंद. बटाट्याची खूबी तिने हाताने करून दाखवली. सुरी अर्ध्यापर्यंत घालायची आणि बाकीचा तुकडा पिळून मोडायचा. साफ कापला तर रस पातळ राहतो. मोडला की खडबडीत कडांमधून पीठूळपणा सुटतो आणि कालवण दाट होतं.

संध्याकाळी त्या भाड्याच्या स्वयंपाकघरात आईने बटाटे मोडले. पहिल्याला नीट जमलं नाही, दुसऱ्याला ती कटकन आवाज ऐकून हसली. मार्मिताको भाजीवालीने सांगितलं तसंच केलं, फक्त अर्धं. उरलेल्या अर्ध्या बोनितोला तिने पिशवीतून आणलेलं आमसूल, हळद आणि चार तिरफळं लावली. खिडक्यांवर वाफ धरली. बाहेर गल्लीत पाऊस आणि आत तिरफळाचा वास. माझी लेक तुलूझमध्ये जन्मली, तिने पावसाळ्यातलं मालगुंड कधी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "आजीच्या घरी असाच वास येतो का?" आई म्हणाली, "ह्यात थोडा चुलीचा धूर घाल."

जुन्या शहरात पावसात भटकण्यासारखं सुख नाही, हे मी मनापासून सांगते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या गॅलऱ्याच अर्धं छप्पर होतात. प्रत्येक खाणावळीच्या दाराशी ओल्या छत्र्यांची बादली, आत काउंटरवर पिंचोंच्या थाळ्या, पावाच्या चकतीवर काडीने टोचून उभं केलेलं काही ना काही. ला विन्यामध्ये वरून काळपट भाजलेला चीजकेक खाल्ला. आईने पहिल्या घासाला "खरवस" म्हटलं आणि मला त्याहून नेमका शब्द आजवर सुचलेला नाही. कोन्स्तितुसिओन चौकात चारी बाजूंना कमानी आहेत, आणि वरच्या गॅलऱ्यांना अजून आकडे रंगवलेले आहेत. पूर्वी चौकात बैलांच्या झुंजी व्हायच्या तेव्हा त्या गॅलऱ्या प्रेक्षकांना भाड्याने देत. कमानींखाली स्थानिक पोरं फुटबॉल खेळत होती. चेंडू पावसात गेला की एकजण भिजून आणायचा. लेक आकडे मोजायला म्हणून थांबली आणि थोड्या वेळाने गोलकीपर झाली. सान तेल्मो संग्रहालयही पाहिलं, जुना मठ आहे तो, होसे मारिया सेर्तने रंगवलेल्या भिंतभर चित्रांसाठी. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, मला त्यांतल्या खलाशांच्या पाठी तेवढ्या आठवतात.

तिसऱ्या दिवशी बंदराच्या टोकाशी असलेलं मत्स्यालय. १९२८ साली उघडलेलं. काचेच्या बोगद्यातून डोक्यावरून शार्क जातात तिथे सगळी मुलं असतात, आमचीही तिथेच होती. आई वरच्या मजल्यावर सापडली. छताखाली एका देवमाशाचा अखंड सांगाडा टांगला आहे आणि ती त्याच्या जबड्याखाली मान वर करून उभी होती.

मी तिला पाटीवरचं वाचून दाखवलं. हा देवमासा १८७८ मध्ये गेतारिया आणि साराउत्स या दोन गावांमधल्या पाण्यात मारला. मारला कुणी आणि मालकी कुणाची, यावरून दोन्ही गावांत वाद झाला. त्या काळापर्यंत ही शिकार जवळपास संपलीच होती. बास्क लोक मध्ययुगापासून हे देवमासे मारत आले. डोंगरमाथ्यावर टेहळ्या बसवायचा, पाण्याचा फवारा दिसला की त्याने धूर करायचा आणि खाली होड्या सुटायच्या. १६व्या शतकात हे शिकारी अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या लाब्रादोरपर्यंत गेले. १९०१ मध्ये ओरियो गावाजवळ एक मारला, त्यानंतर या किनाऱ्यावर त्याची शिकार झाली नाही. या जातीचा देवमासा आता अटलांटिकच्या पलीकडच्या बाजूला चारशेच्या आत उरला आहे.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पुळ्याला आलेलं पिल्लू आठवतं?"

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं होतं. मी इकडे व्हिडिओ पाहिले होते. आई आणि दादा तिथे गेले होते, पुळं आम्हाला हाकेच्या अंतरावर. लोकांनी त्याच्या अंगावर ओली फडकी टाकली, बादल्यांनी पाणी ओतलं, दोर बांधून आत ओढलं. ते पुन्हा किनाऱ्याला लागायचं. दिवसरात्र झटून शेवटी खोल पाण्यात नेलं, तरी वाचलं नाही. "त्याचा डोळा मी पाहिलाय गो," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या जनावराला एवढासा डोळा. मी पाण्याची बादली घेऊन पुढे झाले तर माझ्याकडे वळला." तिने सांगाड्याच्या कवटीत, जिथे डोळा असेल त्या पोकळीकडे बोट केलं. "इथे."

मत्स्यालयातून आम्हाला घरी जायचं होतं, पण पावसाबरोबर वारा वाढला होता आणि त्या दिवसाची एक जागा मी मुद्दाम राखून ठेवली होती. ओंदारेता किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला, इगेल्दो डोंगराच्या पायथ्याशी, एदुआर्दो चियिदाची तीन पोलादी शिल्पं कातळांत रोवलेली आहेत. त्यांचं नाव 'वाऱ्याचा कंगवा'. चियिदा याच गावात १९२४ साली जन्मला, तरुणपणी इथल्याच रेआल सोसिएदाद या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता, गुडघा दुखावला म्हणून खेळ सुटला. हे ऐकून नवरा आमच्या सगळ्यांपुढे चालू लागला. शिल्पं म्हणजे जाड गंजलेल्या सळयांचे पंजे, बोटं वाकवलेली, समुद्राकडून येणारा वारा त्यांच्यातून विंचरला जातो. ती समुद्रात आहेत आणि आपण उभे राहतो तो गुलाबी ग्रॅनाइटचा पायऱ्यापायऱ्यांचा कठडा लुईस पेन्या गांचेगी या वास्तुकाराने केला, १९७७ मध्ये. त्याने फरशीत सात भोकं ठेवली आहेत. खाली लाट शिरली की कोंडलेली हवा आणि तुषार त्यांतून वर उसळतात. समुद्र शांत असला तर काहीच होत नाही, म्हणजे ही जागा खराब हवेसाठीच बांधलेली आहे.

त्या दिवशी ती सातही भोकं जिवंत होती. एकीतून फवारा, दुसरीतून नुसता हुंकार. लेक किंचाळत एकीवरून दुसरीवर धावत होती. आई एका भोकाशी वाकली, छत्री बाजूला धरली आणि कान दिला.

"ये," तिने मला बोलावलं. "ऐक. गाज."

मी वाकले. जमिनीखालून खर्जातला तो आवाज आला. आषाढात आमच्या घरात रात्री दिवा घालवला की उशीखालून यायचा तोच. समुद्र घरापासून पाऊण मैल, मध्ये माड आणि सुरूचं बन, तरी पावसाळ्यात ती गाज भिंतींतून यायची. मी झोपेत ती ऐकत मोठी झाले आणि पंधरा वर्षांत तिची मला एकदाही आठवण झाली नव्हती. वर तोंड केलं तर आईच्या चष्म्यावर पाणी होतं, फवाऱ्याचं होतं की कशाचं ते मी विचारलं नाही. तिने पदराने पुसायला हात नेला आणि मग तसाच राहू दिला.

परतताना कोंचा किनाऱ्याच्या पांढऱ्या कठड्यावरून चालत आलो. वाळूवर चिटपाखरू नसेल असं वाटलं होतं. पण पाण्याच्या कडेने घोट्याएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या बायका चालत होत्या, एका हातात चपला, एका हातात छत्री. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, त्यांचा रोजचा नेम असावा. आईने जिन्याशी चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडीचा घोळ वर खोचला आणि खाली उतरली. मी हाक मारणार होते, नवऱ्याने हात धरला. थोड्या वेळाने त्यांतली एक तिच्या जवळ आली. आईची छत्री वाऱ्याने उलटी होत होती, म्हणून तिने आपली पुढे केली. दोघी एका छत्रीखालून सान्ता क्लारा बेटाच्या दिशेने लांब गेल्या. पार ठिपका होईपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"काय बोललात?" मी विचारलं.

"तिने पाण्याकडे दाखवून काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, आमच्याकडे पुष्यात पाण्यात उतरत नाहीत. नारळी पौर्णिमेपर्यंत नाही." तिने पाय झटकले. "मग तिने बोटांनी विचारलं, मुलं किती. मी दोन दाखवली. तिने तीन."

चौथ्या दिवशी ऊन पडलं. अंदाज चुकला. सकाळी नऊलाच कोंचावर रंगीत टॉवेल अंथरले गेले आणि लेक तिची पिशवी घेऊन बापाबरोबर धावली. मी आईला न्यायला वर आले. ती गॅलरीत बसली होती, शेजारी उलगडून वाळत ठेवलेली छत्री, तिच्या काड्यांवर लेकीचे मोजे. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"खालच्या मळ्याचं झालं का रे?" आईने विचारलं. "आणि बायकांना चहाबरोबर काय दिलंत?"